वावळ्याचं धनुष्य

“एकच बाण! दुसरा मारावा लागला तर मिशी उतरवीन!”

सोसायटीच्या ओट्यावर उभं राहून उत्तरेश्वरनं हे जाहीर केलं, तेव्हा त्याच्याकडे धनुष्य नव्हतं, बाण नव्हता, आणि खरं सांगायचं तर मिशीही बेताचीच होती!

त्याचं असं झालं. दुष्काळाचं दुसरं वर्ष. सोसायटीनं गावाबाहेर जनावरांची छावणी उघडली होती, आणि तिथल्या वाढ्यावर, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या चाऱ्यावर, एक रानडुक्कर रोज संध्याकाळी जावयाच्या थाटात जेवायला यायचं. हुसकलं की अंगावर धावायचं. शेवटी चेअरमन बबनरावांनी दवंडी पिटवली, ‘डुकराला हटवील तो छावणीचा राखणदार!’ राखणदारी म्हणजे पाऊस पडेपर्यंत गावातच काम. नाहीतर कोयता घेऊन ऊसतोडीला जाणं नशिबात होतंच. आणि उत्तरेश्वरच्या बायकोनं, मंजुळाबाईनं, यंदा निक्षून सांगितलं होतं, “माझी गाय गाभण हाय. तिला टाकून मी कुठं जायची न्हाई. गावातच काम बघा!”

“माझा आजा धनुष्यानं शिकार करायचा,” उत्तरेश्वरनं छाती फुगवली. “रगतातच हाय आमच्या!”

“तुझ्या रगतात हिवताप हाय बे!” त्याचा दोस्त शहादेव म्हणाला. पण ऐकतो कोण?

दुसऱ्या दिवशी उत्तरेश्वरनं बांधावरच्या वावळ्याची सरळसोट फांदी तोडून आणली. ओल्या वावळ्याला असा काही वास असतो म्हणता! शेजारच्या भिवराबाई नाकाला पदर लावून भिंतीवरून डोकावल्या, “काय मेलंय का वो घरात?” त्यानं लक्ष दिलं नाही. वाकसानं फांदी तासली, काचेच्या तुकड्यानं खरवडली, वर करडीचं तेल चोळलं. कालवणात तेलाचा थेंब नव्हता, धनुष्य मात्र चकचकीत! आज्याच्या रीतीनं ते लाकूड वर्षभर सावलीत वाळायला हवं होतं. पण डुक्कर वर्षभर थांबणार होतं का?

आता राहिलं वाकवणं. आजा सांगायचा, धनुष्याला वाकायची सवय लावावी लागते. ते मधोमध टांगायचं आणि दोन्ही टोकांना सारखं ओझं बांधायचं. सारख्या वजनाचे दगड काही मिळेनात. मिळाल्या त्या बायकोच्या माहेरच्या जोडीच्या दोन घागरी! त्यानं धनुष्य आढ्याला टांगलं, अंबाडीच्या दोरीनं टोकांना घागरी बांधल्या, त्यात घरातलं होतं नव्हतं तेवढं पाणी ओतलं आणि लांब जाऊन बघितलं. काय झोकात वाकलं होतं!

तेवढ्यात मंजुळाबाई दारात उभी. टेकडीपलीकडच्या विहिरीवरून डोक्यावर पाणी आणून आणून तिची मान पार अवघडून गेली होती. तिनं वर पाहिलं. मधे वाकलेली काठी, दोन्हीकडे दोन घागरी!

“आवो!” तिचे डोळे एकदम भरून आले. “माझ्यासाठी कावड केली? आन बोलला बी न्हाईत!”

तुम्हीच सांगा, काय बोलायचं? लग्नापासून तिनं त्याच्याकडे इतक्या मायेनं कधी बघितलं नव्हतं. उत्तरेश्वरनं मिशीवरून बोट फिरवलं.

“म्हंजे… हां. तुझ्यासाठीच!”

झालं! त्या दिवसापासून धनुष्य मंजुळाबाईच्या खांद्यावर. ओला वावळा असा लवचीक की पावलागणिक घागरी ठेक्यात नाचायच्या आणि ओझं कसं ते जाणवायचंच नाही! विहिरीवर बायकांचा घोळका जमला. संध्याकाळी घोळक्यातल्या एकेकीचा नवरा उत्तरेश्वरला गाठू लागला.

“कावून असले नाद लावतो बे? आता आमची बी कावड मागती!”

उत्तरेश्वर मनाची समजूत घालायचा, ‘असू दे. धनुष्याला वाकायची सवय तर लागतीया!’ तुराटीचा बाण तयार झाला, शेपटाला कोंबडीची पिसं लागली. दुपारी बायकोचा डोळा लागला की धनुष्य हळूच काढून घ्यायचं, असं तो रोज ठरवायचा. आणि रोज दुपारी ती पाण्याला जायची!

शेवटी बबनरावांनीच दिवस ठरवला. संध्याकाळी सगळं गाव छावणीच्या कुडाला चिकटून उभं. डुक्कर वेळेवर हजर, वाढ्याच्या गंजीत मान घालून मचामचा खातंय. आणि उत्तरेश्वर? हातात नुसता बाण! धनुष्य आणायला घरी गेला होता, तर खुंटी रिकामी.

“धनुष्य कुठाय रे?” बबनराव खेकसले.

तेवढ्यात समोरून मंजुळाबाई ठुमकत आली. खांद्यावर कावड, घागरी काठोकाठ. तिची गाय छावणीतच होती ना, तिला पाणी पाजायचं होतं!

“ते बघा… येतंया,” उत्तरेश्वर पुटपुटला आणि पुढे झाला. “अगं, दे जरा ते. धनुष्य हाय ते.”

“धनुष्य? माझी कावड हाय ही! तुमीच केलती ना माझ्यासाठी?”

सगळं गाव कान टवकारून ऐकू लागलं. हो म्हणावं तर राखणदारी जाते, नाही म्हणावं तर बायको! काही न सुचून त्यानं एका टोकाची घागर दोरीसकट ओढून काढली. मग काय! ते टोक फाडकन वर उसळलं आणि दुसरीकडची घागर भेलकांडत थेट बबनरावांवर! चेअरमन टोपीपासून धोतरापर्यंत भिजले. घागर ठणाणा करत उतारावरून जी सुटली ती डुकराच्या ढुंगणावर! डुकरानं असलं काही जन्मात ऐकलं नव्हतं. ते जे पळालं ते टेकडीपार!

मग गर्दीतून कुणीतरी कळवळून ओरडलं, “आरं, पाणी सांडलं की रं!”

बबनरावांनी तोंडावरून हात फिरवला. “लई दिवसांनी आंघोळ झाली,” ते म्हणाले. “पन उत्तरेश्वर, बोललास तसा बाण मारून दाखव!”

त्यानं धनुष्याला दोरी चढवली, डोळा बारीक केला, ओढलं आणि सोडलं. पण पाणी वाहून वाहून वावळ्याला वाकायची अशी सवय जडली होती की तो सरळ व्हायचंच विसरला होता. बाण उत्तरेश्वरच्याच पायतणापुढं पडला.

“ही कावडच हाय!” बबनरावांनी निकाल दिला. “डुकराला घागर वाजवली तरी बास हाय. राखणदार नको आमाला. जनावरांला पाणी आणणारं माणूस पायजे. मंजुळाबाई, येता का?”

उत्तरेश्वरचा चेहरा उतरला. मंजुळाबाईनं त्याच्याकडे पाहिलं, कावडीकडे पाहिलं, आणि डोक्यावरचा पदर नीट केला. “दोगांला काम देणार असाल तर येते.”

“दोगं या!”

उत्तरेश्वरला तिथंच नाचावंसं वाटलं! गाय वाचली, गाव सुटलं नाही, संसार जागेवर राहिला! तो हसत हसत बायकोजवळ गेला, तर तिनं ती कावड उचलून त्याच्याच खांद्यावर ठेवली.

“माझ्यासाठीच केलती ना?”

“तुझ्यासाठीच गं!”

“मग माझ्यासाठीच वाहा आता!”

दुसऱ्या दिवशी विहिरीच्या वाटेवर शहादेव आडवा आला. “काय शिकारी! काय गावलं?”

“सरक बे,” उत्तरेश्वर खांदा बदलत म्हणाला, “पाणी सांडंल!”