पिराजीरावांच्या निर्णयाचा आदर

आमच्या विजयसिंहाचं एक वागणं मला पहिल्यापासून पटत न्हाय. ज्या कामाला नुसतं तोंड पुरतं, त्याला हा यंत्र जोडतो! पलीकडच्या खोलीतल्या बायकोला चहा सांगायचा, तर फोनवर मेसेज धाडतो. आता तर दुकानदारांना बोलणारी बाई विकतो. बाई म्हणजे हाडामासाची न्हवं, काँप्युटरची. गिऱ्हाइकाचे फोन घेते, गोड बोलते, पगार मागत न्हाय, माहेरी जात न्हाय.

"आई, उद्याची सगळी कामं हीच करणार बघ!"

"आणि तू?"

"मी तिच्यावर लक्ष ठेवणार."

म्हणजे आज करतोय तेच. बसून राहणार!

तर नातवाचं जावळ ठरलं. जावळ म्हटलं की मटणाचं जेवण, आणि मामाची मांडी. मामाच्या मांडीवर बसल्याशिवाय आमच्यात पोराच्या केसाला वस्तरा लागत न्हाय. आवतणाचं काम माझं. भावकीत माझ्यासारखं मानानं बोलावणारं दुसरं कुणी न्हाय, हे माझी जाऊसुद्धा कबूल करते. ती तर सूर्य उगवला हेबी सहजासहजी कबूल करत न्हाय!

पण यंदा गुडघ्यांनी दगा दिला. आणि खरं सांगायचं तर जीवच दमला होता. आपण 'या' म्हणायचं. पावण्यानं 'कशाला उगाच, जमतंय कुठं' म्हणायचं. आपण रागवायचं. त्यानं म्हशीचं आजारपण सांगायचं. आपण शपथ घालायची. मग तो म्हणणार, 'बरं, बघतो.' 'बघतो' म्हणजे सगळं घर घेऊन येतो! एकेका घराला अर्धी सकाळ जायची. चाळीस वर्षं हेच केलं. म्हटलं, करू दे त्या बाईला. मी पाय पसरून बसले.

बाईनं तासाभरात सगळी भावकी उरकली!

"आई, चारच घरं येणार," विजयसिंह म्हणाला. "बाकीच्यांनी नकार कळवलाय."

"चार? अरे, आपली भावकी मांडवात मावत न्हाय!"

"लोकांना आता वेळ नसतो. आकडेच सांगतात."

दमलेलं माणूस आकड्यांशी भांडत न्हाय. निसारभाई आचाऱ्यांना मटण कमी सांगून टाकलं.

जावळाच्या दिवशी चार घरं आली. ही चार घरं तुमच्याकडंही असतील. बोलवायच्या आधीच 'हो' म्हणणारी! न्हावी वस्तरा घासून बसला. पोराला तेल लावलं, नवं झबलं घातलं. पण मामाचा पत्ता न्हाय! सूनबाई संयोगिता रस्त्याकडं बघून बघून रडवेली झाली.

"आत्या, दादा माझा फोनच उचलंना."

मामा आला न्हाय तर पोराचं जावळ न्हाय, आणि ह्या पोरीला माहेर न्हाय! मी तिच्या माहेरी, कागलला फोन लावला.

"पिराजीराव, कुठं हाय तुम्ही?"

"घरात."

"घरात काय करताय?"

"तुमच्या बाईनंच बसवलंय न्हवं! मी म्हटलं, ऊस तोडायला टोळी आलीया, जमायचं न्हाय. तर म्हणते, 'ठीक आहे. आपल्या निर्णयाचा आम्ही आदर करतो. आपला दिवस शुभ जावो!' आणि ठेवला की फोन! मावशी, सख्ख्या मामाचा एवढा आदर? आमच्या सात पिढ्यांत असला अपमान कुणी केला न्हवता!"

आणि फोन आपटला.

तेवढ्यात हातकणंगल्याहून माझ्या थोरल्या नणंदेचा, आक्कांचा फोन आला. "बया, पहाटेपासनं नवं लुगडं नेसून दारात बसलेय. मी 'न्हाय' म्हणून बसले. दुसऱ्यांदा कुणी विचारतंय का न्हाय?"

विजयसिंहाचं डोकं फिरलं. "यायचं होतं तर न्हाय कशाला म्हटलं? चुकीची माहिती दिली की सगळ्यांनी!"

"अरे मुडद्या, तिला सांग, कुणाचं 'न्हाय' ऐकायचं न्हाय!"

पोरानं तसंच लिहून टाकलं. सगळ्यांना परत फोन कर, नकार घेऊ नको, येईपर्यंत सोडू नको. आता सगळ्यांना म्हणजे कुणाला? माझ्या फोनात होते नव्हते त्या सगळ्यांना! गॅसवाला, म्हशीचा डॉक्टर, बोअर मारणारा, आणि आमची म्हातारी म्हैस विकत नेऊन पस्तावलेला तो इचलकरंजीचा माणूस!

आमच्यासमोर बसलेल्या न्हाव्याचाही फोन वाजला.

"आपण जावळाला आलंच पाहिजे."

"बाई, मी आलोयच की! वस्तरा हातात हाय!"

"आपला नकार आम्हाला मान्य नाही."

बिचाऱ्यानं फोन टोपलीखाली झाकून ठेवला. टोपलीखालनंबी आग्रह चालूच!

दुपारपर्यंत रस्ता भरला. भावकी आली, भावकीच्या मागनं गावबी आलं. म्हैसवाला तर बायको-पोरांसकट पहिल्या पंगतीला! आक्का मात्र आल्या आल्या रुसून भिंतीकडं तोंड करून बसल्या. निसारभाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "बयाक्का, आतापर्यंत रश्श्यात पाणी घालत होतो. आता पाण्यात रस्सा घालतोय!"

आणि मग धुरळा उडवत पिराजीची जीप आली.

"कुठाय ती बाई?" गडी उतरला तो बाह्या सारतच. "गाडी चालवू देईना! 'निघालो' म्हटलं तरी 'आलंच पाहिजे'! 'कागलच्या पुढं आलोय' म्हटलं तरी 'आलंच पाहिजे'! आज तिला दाखवतोच!"

"दाखवा की. पण खाली बसून दाखवा!"

तो पाटावर टेकला, तसं मी पोरगं त्याच्या मांडीवर ठेवलं. न्हाव्यानं वस्तरा उचलला. पिराजी ओरडत होता, पण डावा हात पोराच्या डोक्याला तसाच धरून, केसाइतकाही हलू न देता. मामाचा आवाज ऐकून पोरगं असं गप झालं की न्हावीबी गप! संयोगिता पदरात तोंड घालून हसत होती का रडत होती, मी बघितलं न्हाय. माझेच डोळे चरचरत होते. चुलीच्या धुरानं.

सगळे ढेकर देत गेले. घरच्यांना उरलं काय? भाकरी, कांदा, आणि रश्श्याचा वास! मी भिंतीला पाठ टेकून गुडघे चोळत होते. विजयसिंह समोर येऊन बसला. तोंडावर हसू बघा.

"आई, शेवटी आमच्या बाईनंच सगळ्यांना आणलं की न्हाय?"

"व्हय बाबा. बाई गुणाची हाय. एकदाच सांगितलं, लगेच सुधारली. तुला जन्मापासनं सांगतेय. आता तिला राहू दे घरात, आणि तिच्या जागी तुलाच ठेवू दुकानात विकायला. आणि ऐक, खपलास तर मी परत घेणार न्हाय!"