घेवड्याचं बी आणि माझं मौन

माझं मौन मोडणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं मी गेल्या वर्षापर्यंत ठणकावून सांगत असे. ठणकावून म्हणजे माझ्या आवाजात. शेजारच्या खोलीत ऐकू जात नसे. सकाळी देवापुढे दिवा लावला की तो शांत होईपर्यंत एक शब्द नाही, हा माझा रोजचा नेम. एकदा कपाटावर विंचू निघाला, तेव्हासुद्धा मी नुसतं बोट दाखवलं होतं!

आमचे हे शेती संशोधन केंद्राच्या अतिथिगृहात आचारी, आणि तिथली बाकीची व्यवस्था माझ्याकडे. गेल्या वर्षी तीन देशांतून तीन पाहुणे आले. त्यांची नावं माझ्या जिभेवर बसेनात, म्हणून मी कामावरून ठेवली: बीजताई, मातीदादा आणि पाणीकाका. बीजताईंच्या देशात ओळीनं दुष्काळ पडलेले, पोरं उपाशी निजायची. कमी पाण्यावर येणारा घेवडा त्यांनी वर्षानुवर्षं निवडून तयार केला होता. तो आमच्या मातीत रुजला, तर बी वाढवून सगळीकडे वाटायचं होतं. एकाची भाषा दुसऱ्याला धड कळत नव्हती, पण बांधावर उकिडवे बसून एका ढेकळावर तिघं असे रंगायचे, की सख्खी भावंडं वाटावीत. मला फार कौतुक वाटे.

कोठारात ओल होती. म्हणून बीजताईंनी बियांची पिशवी माझ्या हाती दिली आणि शब्द जुळवत म्हणाल्या, "सांभाळा. एवढंच आहे." मी ती स्वयंपाकघरातल्या सगळ्यात कोरड्या फळीवर ठेवली. माझ्या फळीला कुणाची हात लावायची टाप नाही!

सकाळी दिवा लावून आत गेले, तर पिशवी रिकामी आणि पातेल्यात घेवडा टम्म फुगलेला. पाहुण्यांच्या सूपसाठी यांनी रात्रीच भिजत घातला होता.

"टपोरा आहे गं, कुठून आणलास?"

मी गॅस बंद केला. यांनी लावला. मी परत बंद केला.

"अगं, आज शेगडीचाही उपास आहे का?"

रिकामी पिशवी यांच्या नाकापुढे नाचवली, तर म्हणे संपली तर संपली, संध्याकाळी दुसरी आणू. मी धावले जेवणघरात. टॉवेलाची पिशवी करून उंच धरली, भिजवण्याची खूण म्हणून हात गोल फिरवला, जाळ म्हणून बोटं नाचवली आणि शेवटी कपाळ बडवून घेतलं. तिघंही अदबीनं उभे राहिले. पाणीकाकांनी हातरुमाल उंच धरला, हात फिरवला, बोटं नाचवली, कपाळ बडवलं. मातीदादांनीही तेच. बीजताईंनी तर डोळे मिटून! त्यांना ती पेरणीआधीची आमची प्रार्थना वाटली.

तेवढ्यात मागून शेगडीचा खटका ऐकू आला. कोनाड्यात देवापुढचा दिवा अजून तेवत होता. मी देवाकडे पाहिलं, मग बीजताईंकडे.

"अहो, बंद करा तो गॅस! बी आहे ते, बी!"

एवढा आवाज माझ्यात होता, हे मलाच ठाऊक नव्हतं. बागेतला माळी पाइप टाकून धावत आला.

बीजताईंनी पातेल्यात हात घातला. पाणी गारच होतं. त्यांनी मूठभर दाणे उजेडात धरून पाहिले. कोपऱ्यात हे मिठाची बरणी छातीशी धरून उभे. मग बाह्या सारून त्या म्हणाल्या, "भिजलं बी थांबत नाही. आजच पेरायचं."

पेरणी खरं तर पुढच्या आठवड्यात होती, शेत तयार नव्हतं. पण मातीदादांनी कुदळ उचलली, पाणीकाकांनी नळ्या अंथरल्या, यांनी न सांगता सऱ्या ओढल्या आणि बीजताई नि मी एकेक दाणा मातीत खोचत गेलो. तीन देशांचे विद्वान आणि आमचा आचारी, सगळे सारखेच चिखलात! अंधार पडायच्या आत पातेलं रिकामं. बी तरारून उगवलं, शेंगा लगडल्या, आणि आता ते तिन्ही देशांत गेलंय. त्या गडबडीत माझ्या खुणांचा अर्थ सांगायचा मात्र राहूनच गेला.

परवा बीजताईंनी त्यांच्या गावचा व्हिडिओ पाठवला. पेरणीला निघालेलं अख्खं गाव बांधावर ओळीनं उभं. सगळे फडकी उंच धरतात, हात फिरवतात, बोटं नाचवतात आणि भक्तिभावानं कपाळ बडवून घेतात. खाली लिहिलेलं, "तुमची प्रार्थना आम्ही चुकवत नाही."

खरं काय ते फोन करून सांगणारच आहे. पण त्यांचा फोन येतो सकाळी, आणि तेव्हा दिवा तेवत असतो.

हल्ली मी तेलही जरा जास्तच घालते.