पेरणीयंत्र दाराबाहेर काढिल्याची हकीकत

सकल विद्यांचें मूळ जो नांगराचा फाळ, त्यास वंदन करोन, प्रशिक्षण केंद्राच्या दालनीं जें रण माजलें त्याची हकीकत पदरचें तिखटमीठ न लावितां लिहितों ऐसीजे.

सरकारांनीं शेतकऱ्यांकरितां कृषी अभियांत्रिकीचा तीन रोजांचा प्राथमिक वर्ग भरविला. शिकविणार खासे अभियंता साहेब, अकरा वर्षें भिंतीवरील एकाच चित्रतक्त्यावर छडी ठेवोन यंत्रविद्या सांगणारे. अखेरचे रोजीं हुकूम जाला कीं, दालनांतील सरकारी पेरणीयंत्र पाळीपाळीनें वापरावयास द्यावें. आणि पहिली चिठ्ठी गिरणीवाल्या मावशींची निघाली. मावशींच्या तीन एकरांस वाफसा आला होता. दोन रोजांत बीं न पडे तर ओल उडोन हंगाम बुडाला.

मग वीस असामी यंत्रास भिडले, आणि तों काय अनर्थ! यंत्र सात फूट, दार चार फूट. सरकारांनीं आधीं यंत्र आंत ठेविलें आणि मग भिंत घालोन दार बसविलें, ऐसें शिपाई कबूल जाला. मग आडवें घातलें, तिरपें घातलें, साहेबांनीं मागून ‘जोर लावा’ ऐसी कुमक केली, परंतु दार बधेना. भिंत फोडावी तर बांधकाम खात्याची परवानगी, ती येई तों पीक कापणीस येतें.

मग मावशींनीं पिशवींतून गिरणीचा पाना उपसला. साहेब आडवे जाले आणि फर्माविलें कीं, सरकारी मालाची मोडतोड जाल्यास आम्हांवर चौकशी बसेल.

मावशी वदल्या, “अहो साहेब, मोडलं असं कशाला लिहिता? शिकवलं असं लिहा ना!”

साहेबांची कळी खुलली. तक्ता उतरवोन जमिनीवर अंथरविला आणि आज्ञा केली कीं, सुटा जालेला भाग त्याच्या चित्रावर ठेवावा. परंतु फणास चित्र मिळेना, नळ्यांस मिळेना. बहुत शोध करितां कळों आलें कीं, तक्ता मळणीयंत्राचा. मथळा वाळवीनें खाल्ला होता. दालनीं कोणी हंसलें नाहीं, फक्त मावशींस खोकला आला.

मग साहेबांनीं कोट उतरविला, मावशींस पुसपुसोन एकेक नट स्वहस्तें सोडविला, आणि आंगणांत यंत्र पुन्हां जोडोन ट्रॅक्टरास लाविलें. तिसरे प्रहरीं मावशींच्या शेतीं बीं पडलें. बहुत मोठी फत्ते जाली.

दफ्तरीं नोंद ऐसी: यंत्र सुटें करोन जोडण्याचें प्रात्यक्षिक यथासांग जालें. शिकाऊ असामी एकवीस, सर्व उत्तीर्ण. पैकीं एकविसावे अभियंता साहेब. हात वंगणानें माखल्याकारणें सही न करितां अंगठा दिला असे.