फीत पाहुण्यांच्या हस्ते

हिंगोली शहराची प्रकृती खालावत चालली आहे, ही बाब 'धावती हिंगोली' महोत्सव समितीच्या पहिल्याच बैठकीत अत्यंत गांभीर्याने मांडण्यात आली. बैठकीला भजी, जिलेबी आणि दोन वेळा चहा होता. प्रत्येक सदस्याने आपापल्या पोटावर हात ठेवून चिंता व्यक्त केली आणि शहरात मॅरेथॉन घ्यावी असा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. खरी मॅरेथॉन बेचाळीस किलोमीटरची असते, असं कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं. एवढं अंतर म्हणजे औंढा नागनाथाला जाऊन जवळजवळ परत येणं, आणि त्यात एस.टी.चीसुद्धा दमछाक होते. तेव्हा अंतर दहा किलोमीटर करावं आणि नाव मात्र मॅरेथॉनच ठेवावं, असा सुवर्णमध्य निघाला.

समितीचे कार्यवाह होते विकास सर. कॉम्प्युटरचा क्लास चालवत असल्यामुळे सगळं गाव त्यांना सर म्हणे, पण त्यांचा खरा हातखंडा होता कार्यक्रमांचा. त्यांच्या घरी एक पेटी कायम भरलेली असे. शाल, नारळ, कुंकवाची डबी, कात्री आणि लाल साटीनची फीत. बोअरवेल असो, रक्तदान असो, नाही तर चपलांचं दुकान असो, पेटी उचलली की कार्यक्रम उभा राहिलाच म्हणून समजा. मॅरेथॉन त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती, पण तीही शेवटी कार्यक्रमच, असं म्हणून त्यांनी पेटी उचलली.

इकडे साखऱ्याजवळच्या तांड्यावर रुपा राठोडने मॅरेथॉनची बातमी मोबाइलवर वाचली आणि त्या दिवशी तिच्या हातून भाकरी करपली. रुपा अंगणवाडीत मदतनीस. शाळेत असताना पळण्यात तिच्या जवळपास कुणी फिरकत नसे. पण शाळेत फितीचे लाड कुठले? चुन्याची रेघ मारलेली असे, ती ओलांडली की गुरुजी नाव पुकारत आणि पुढच्या तासाला बसवत. मग लग्न झालं आणि पळण्यापैकी फक्त धावपळ उरली. पुढे कधीतरी टीव्हीवर तिने एक शर्यत पाहिली. एक बाई हात पसरून येते, समोरची फीत तिच्या छातीला लागते, सुटते आणि तिच्याबरोबर चार पावलं उडत जाते. ते दृश्य रुपाच्या मनातून काही केल्या जाईना. बक्षीस मिळो न मिळो, एकदा तरी ती फीत आपल्या छातीला लागावी, एवढंच तिला हवं होतं.

नवरा संतोष जीप चालवायचा. त्याला हे ऐकून हसू आलं.

"फितीसाठी काहून पळून राहिलीस? सेनगावच्या बाजारातून मीटरभर आणून देतो की."

"इकतची नको मला," रुपा म्हणाली. "पळून तोडलेली पायजे."

"जाऊ दे रे तिला," सासू मिराबाई चुलीपासून म्हणाल्या. "तुझी जीप ढकलायला रोज पळतेच की. एक दिवस सोतासाठी पळंल."

जीप खरोखरच ढकलावी लागे. रुपाचा सराव झाला होता तो त्या जीपमागेच.

मॅरेथॉनच्या सकाळी तिघंही थंडीत कुडकुडत रामलीला मैदानावर हजर झाले. धावणाऱ्यांना टी-शर्ट वाटणं चालू होतं. सगळ्यांना एकच माप होतं, आणि ते विकास सरांच्या अंगावरून घेतलेलं होतं. रांगेत रुपाच्या पुढे अफसाना होती. ती हिंगोलीतच बायकांचे कपडे शिवायची आणि पहाटे अकोला बायपासवर पळायची. तिने टी-शर्ट उघडून उजेडात धरला.

"बाजी, ये बनियन है के मच्छरदानी?"

टी-शर्टच्या छातीवर प्रमुख पाहुण्यांचा हसरा फोटो होता. तो कोणत्याही परिस्थितीत झाकला जाऊ नये, असं माइकवरून वारंवार बजावण्यात येत होतं. म्हणून धावपटूंचे क्रमांक फोटोच्या खाली, जिथे कापड मोकळं होतं तिथे, म्हणजे साधारण गुडघ्याजवळ लावण्यात आले. ते वाचायचे तर पंचांना वाकावं लागणार होतं, आणि आमचे पंच वाकणाऱ्यांतले नव्हते.

शर्यत पहाटेच सुटायची होती, पण हिरवा झेंडा पाहुण्यांच्या हस्ते होता आणि पाहुणे औंढ्याला दर्शनाला थांबले होते. तोवर वेळ वाया जाऊ नये म्हणून समितीने समितीचा सत्कार केला. मग सत्कार झालेल्यांनी सत्कार करणाऱ्यांचा केला. प्रत्येकाने व्यायामाचं महत्त्व खुर्चीत बसून सांगितलं. नमनालाच घडाभर तेल म्हणतात ते हेच. धावणाऱ्यांनी अंग मोकळं करून घेतलं, ते आखडलं, पुन्हा मोकळं केलं. मिराबाईंनी शेंगदाण्याची पुडी सोडली.

इतक्यात रस्त्यात एक म्हैस आली आणि तिला हाकलायला एका स्वयंसेवकाने जोरात शिट्टी मारली. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं पुढेच उभी होती. शिट्टी ऐकली की पळायचं, एवढंच त्यांना शिकवलेलं. ती सुटली, त्यांच्यामागे सगळं मैदान सुटलं, आणि जिवाच्या भीतीने म्हैसही काही अंतर स्पर्धेत राहिली. विकास सरांनी माइक हिसकावून घेतला.

"धावपटूंनी नोंद घ्यावी! ही सुरुवात तात्पुरती समजावी! अधिकृत सुरुवात पाहुणे आल्यानंतर करण्यात येईल!"

पण ऐकायला मैदानावर धावपटू उरलेच नव्हते.

रुपाला पळताना फार छान वाटत होतं, हे सांगायलाच हवं. गार वारा, मोकळा रस्ता, आणि कितीतरी दिवसांनी पुढे ढकलायला जीप नाही. अर्ध्या वाटेवर पाण्याचा मंडप लागला. टेबलावर भरलेले पेले ओळीने मांडलेले होते आणि त्यांच्यापुढे दोन मुली हात बांधून उभ्या होत्या.

"पाणी देता येणार न्हाई, ताई. पाणपोईचं उद्घाटन व्हायचं हाय."

"अगं, घशाला कोरड पडली."

"येताना प्या की मग."

"येतानाचा रस्ता दुसरा हाय!"

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. या मुद्द्यावर त्यांना कोणत्याही सूचना नव्हत्या. शेवटी कोपऱ्यावरच्या चहावाल्या चाचांनी जग पुढे केला. "पी बेटी," ते म्हणाले, "हमारे पानी का उद्घाटन किसी ने कियाच नहीं अब तक." रुपा आणि अफसाना दोघी ओंजळीने पाणी प्यायल्या आणि पुन्हा पळायला लागल्या.

आघाडीवरच्या भरतीच्या पोरांना गाठणं एरवी कठीण होतं. पण पुढच्या वळणावर रस्त्यात चुन्याने काढलेले बाण होते आणि पोरं बाणाबरहुकूम वळली. बाण एका लग्नघरच्यांनी काढलेले होते. पोरं थेट मंगल कार्यालयात शिरली. मुलाकडचे समजून मुलीकडच्यांनी त्यांना टॉवेल-टोपी दिली आणि नाश्त्याला बसवलं. एवढा मान मिळाल्यावर परत कोण येतो? अशा रीतीने सगळ्या शर्यतीत रुपा आघाडीवर आली.

मैदानाची कमान दिसली. कमानीखाली दोन खांबांना बांधलेली ती फीत होती. लाल, रुंद, उन्हात चमकणारी. मिराबाई कठड्यावर चढून ओरडत होत्या, "पळ गं बाय, पळ!" रुपाने हात पसरले. आता फक्त पन्नासेक पावलं. आता वीस. आणि तेवढ्यात बाजूच्या मांडवातून विकास सर धावत आले. त्या दिवशी हिंगोलीत त्यांच्याइतकं वेगाने कुणीच धावलं नसेल.

"थांबा! ताई, थांबा! फीत पाहुण्यांच्या हस्ते हाय!"

रुपा कशीबशी थांबली. फीत तिच्या छातीपासून वीतभर लांब होती.

"सर, मी पहिली आले."

"बराबर हाय. तुमी पहिल्याच. त्यात वादच न्हाई."

"मग सरका की."

"पण फीत पाहुण्यांच्या हस्ते हाय, ताई. पत्रिकेत छापलंय."

"अहो, ही तोडायची फीत हाय. कापायची न्हाई!"

विकास सरांना तिची कीव आली. "इतकी वर्षं कार्यक्रम करून राहिलो मी. कुणी फीत तोडली असं एकदा बी झालं न्हाई. शोभतं का ते? तुमी तकलीफ घेऊ नका, बसा, खुर्ची देतो."

मिराबाई कठड्यावरून उतरून आल्या. "माझी सून पायी येऊन पोचली, अन् तुमचा पाहुणा गाडीतून अजून येऊनच राहिला? त्याची बी गाडी ढकलायला लागते का?"

"माय, ते निघालेत. कळमनुरीत एक छोटं भूमिपूजन उरकलं की आलेच."

औंढ्याहून हिंगोलीला यायला कळमनुरी लागत नाही, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. पण भूमिपूजन म्हटल्यावर कुणाची जीभ रेटली नाही.

मग बाकीचे धावपटू येत गेले आणि प्रत्येकाला फितीपाशी अडवण्यात आलं. समितीने त्यांची शिस्तीत रांग लावली. सुरुवातीला रुपा रांगेत पहिली होती. मग समितीतल्या एकाचे मेहुणे आले, त्यांना उन्हाचा त्रास होता म्हणून पुढे घेतलं. मग मेहुण्यांचे मित्र आले. रुपाचा घाम वाळला, पाय लाकडासारखे ताठ झाले. समोर फीत वाऱ्यावर हलत होती आणि हात पुढे केला असता तर लागली असती. पण हाताने धरायची फीत तिला नको होती. तिला रडू आलं. रागही आला, आणि सगळ्यांदेखत रडू आलं म्हणून आणखी राग आला.

"रो मत, बाजी," अफसाना म्हणाली. "सब ने देखा है, तू पहिली आई."

अखेर सायरन वाजला आणि पाहुणे आले. कार्यक्रम पत्रिकेप्रमाणेच झाला पाहिजे, म्हणून आधी त्यांच्या हस्ते हिरवा झेंडा दाखवण्यात आला. शर्यतीला अधिकृत सुरुवात झाली. सगळे धावपटू शेवटच्या रेषेपाशी उभे राहून टाळ्या वाजवत होते. मग पाहुणे चार पावलं चालत फितीपाशी आले. विकास सरांच्या पत्नी मिनाताईंनी ताट पुढे केलं. पाहुण्यांनी कात्री उचलली, कॅमेऱ्यांकडे पाहून हसले आणि फीत कापून पलीकडे गेले. त्यांच्यामागून आलेल्या लोंढ्याने मिनाताईंनाही ताटासकट पलीकडे नेलं. झेंड्यापासून फितीपर्यंत सगळी शर्यत दोन मिनिटांत संपली. समितीच्या दफ्तरी तो जिल्ह्याचा विक्रम म्हणून नोंदलेला आहे.

आता घोडं अडलं ते नियमावर. फीत जो प्रथम पार करील तो विजेता, हा नियम खुद्द विकास सरांनी लिहिला होता, आणि नियमाच्या बाबतीत ते बापालाही सोडणारे नव्हते. त्यांनी जड आवाजात निकाल जाहीर केला. पुरुष गटात प्रथम, प्रमुख पाहुणे.

"अहो, मी कुठं पळालो?" पाहुणे लाजून म्हणाले.

"साहेब, तुमी जन्मभर जनतेसाठीच पळून राहिले!" मागून कुणीतरी ओरडलं.

जनतेच्या आग्रहापुढे पाहुण्यांचा नाइलाज झाला. दुसरा क्रमांक त्यांच्या भाच्याला आणि तिसरा त्यांच्या ड्रायव्हरला मिळाला. महिला गटात मिनाताई पहिल्या आल्या. त्या बिचाऱ्या माइकवर सांगत होत्या की मी तर चपला घालून उभी होते, पण तो त्यांचा विनय समजून लोकांनी आणखी टाळ्या दिल्या. रुपाला उत्तेजनार्थ एक पाण्याची बाटली मिळाली. पाणपोईचं उद्घाटन एव्हाना झालं होतं.

पाहुणे गेले, मांडव सुटू लागला. फितीचे दोन तुकडे मातीत पडले होते. अफसानाने ते उचलून झटकले, गुडघ्यावरच्या क्रमांकाच्या पिना काढल्या आणि शिवणकाम करणाऱ्या हाताने फीत जोडून टाकली.

"चल बाजी, पीछे जा. दौड के आ."

एक टोक अफसानाने धरलं, दुसरं मिराबाईंनी. रुपा डोळे पुसून लंगडत चौकापर्यंत गेली आणि वळली. संतोषने तोंडात बोटं घालून शिट्टी मारली. ती निघाली.

पोह्यांच्या आशेने थांबलेली माणसं भोवती जमली होती. सगळ्यांनाच तिचा कळवळा आला होता. "पोरीवर अन्याय झाला," असं जो तो म्हणत होता. "ह्या बाया बराबर करून राहिल्या." मग त्यातल्याच एका भल्या गृहस्थाला वाटलं की इतकी चांगली गोष्ट अशी सुनी-सुनी होऊ नये, कुणाच्या तरी हस्ते व्हावी. ते सगळ्यांना पटलं. संतोषलाही पटलं, हे सांगताना वाईट वाटतं. मिराबाईंनीही पदर नीट केला. आता चारचौघांत शोभेल असं माणूस पाहिजे होतं, म्हणून सगळे इकडेतिकडे बघू लागले.

आणि वाचकहो, नेमके त्याच वेळी तुम्ही दुधाची पिशवी घेऊन तिथून जात होतात. इस्त्रीचे कपडे, डोळ्यांवर चष्मा, चार पुस्तकं वाचलेल्या माणसाचा चेहरा. लोकांनी तुम्हाला हाताला धरून आणलं. तुम्ही नको नको म्हणालात, हे मी नाकारत नाही. "अहो, मी कोण?" असंही दोनदा म्हणालात. समितीच्या कारभाराला तर तुम्ही सगळ्यांत जास्त हसला होतात. मग तुम्ही दुधाची पिशवी शेजारच्याकडे दिलीत, केसांवरून हात फिरवलात आणि विचारलंत, "कात्री कुठंय?"

फोटो छान आलाय तुमचा. अगदी मधोमध आहात. तुमच्या मागे रस्त्यावर हात पसरून पळत येणारी एक बाई दिसते, ती जरा पुसट आली आहे.