हृदयावरचा स्वेटर

आमच्या मयूर विहारच्या सोसायटीत दातारकाका कुणालाही "कसे आहात?" असं विचारत नाहीत. समोरच्याच्या छातीवर बोट टेकवून विचारतात, "आत किती थर?"

थर म्हणजे हृदयाभोवतीच्या चरबीचा. "दिल्लीच्या थंडीत आपण स्वेटर घालतो ना, तसा माझ्या हृदयानं चरबीचा घातलाय, रिपोर्टच आलाय तसा. तळण आणि साखर सोडली की एकेक टाका उसवतो. बिल्कुल!" हे सांगणारा माणूस स्वतः छत्रीच्या काडीसारखा. पण त्यांच्या धाकानं मी गणपतीत मोदकावरचं तूप खांबाआड जाऊन घेतलं, आणि मग पुढच्या आरतीभर मूर्तीकडे बघायची हिंमत झाली नाही.

काकू त्यांच्यासाठी बिनफोडणीची डाळ आणि उकडलेला दोडका करत. "यांच्या हृदयापायी माझी कढई गंजली," म्हणत.

गेल्या महिन्यात मी घरी न सांगता मेट्रो स्टेशनमागे छोले-भटुरे खायला गेलो. कोपऱ्यातल्या टेबलावर, टम्म फुगलेल्या भटुऱ्यात बोट खुपसून, दातारकाका!

आधी कुणी पळायचं, हे दोघांनाही सुचेना.

"काका, तुमचा स्वेटर?"

"बैस. ओरडू नकोस. तो रिपोर्ट माझा नाही, हिचा आहे. माझा एकदम क्लीन."

"मग काकू?"

"अरे, डॉक्टरांनी तिला सगळं समजावलं. पण स्वतःसाठी वेगळं रांधेल ती? उरलेली पुरी, वाटीतला शिरा, सगळं पोटात. टाकवत नाही म्हणे! शेवटी मी थाप मारली, मलाही तेच झालंय. दुसऱ्या दिवशी कढई माळ्यावर! आता मला वाढते, तेच स्वतःही खाते."

मग भटुऱ्याचा तुकडा हातातच धरून म्हणाले, "तिच्याशिवाय त्या घरात मी काय करू, यार?"

काकूंना फसवण्यात आता मीही सामील, ही टोचणी घेऊन मी माझी प्लेट संपवली. संपवली, हे खरं.

परवा लिफ्ट बंद होती. काकू भाजीची पिशवी घेऊन जिना चढत होत्या आणि मागून येणाऱ्या काकांना झापत होत्या. कोथिंबीर विसरलात, आलं विसरलात! पूर्वी त्या प्रत्येक मजल्यावर कठडा धरून उभ्या राहायच्या. परवा चौथ्या मजल्यापर्यंत कुठेच थांबल्या नाहीत.

"आणखी काय विसरलो?" काका मुद्दाम विचारत होते. "सांग ना. सांग."