नागपूरच्या पुढं

आमच्या शेजारचा माणिक कॉम्प्युटरपुढं बसला की कमरेला पट्टा बांधायचा. खुर्ची साधी लाकडी, पट्टा भंगारातल्या जीपचा. तो पट्टा एकदा आवळला की माणिक आपल्यात नसायचा. मी दारातून हाक मारली तर मान न वळवता म्हणायचा, "आक्का, मी सध्या हवेत हाय. उतरल्यावर बोलू."

विद्यापीठाचं नाव बदललं, त्याच्या आगेमागेची ही गोष्ट. गंगाखेडात तेव्हा घरात कॉम्प्युटर असलेला माणूस हा एकच. निवृत्त झाल्यावर त्यानं तो हैदराबादेतून जुना आणला. त्यात विमान चालवायचा खेळ होता. खेळ म्हटलेलं माणिकला चालायचं नाही. "खेळ पोरं खेळतात. मी उडतो," असं म्हणायचा. बघायला येणाऱ्याला तो चपला बाहेर काढायला लावायचा. मी नाही काढल्या. मी त्याच्याहून तेरा वर्षांनी मोठी आहे.

गाव त्याला पायलट म्हणायचं. पण तो पायलट कधीच नव्हता. हवाई दलात चोवीस वर्षं त्यानं विमानाच्या चाकांचे नट आवळले. विमान वर जायचं, हा पाना घेऊन खाली उभा राहायचा. हे तो स्वतःच सांगायचा आणि त्यात त्याला कमीपणाही वाटायचा नाही. "वर कुनीबी जाईल आक्का, पन खाली नट ढिला असला तर काय?"

नट हे त्याचं दैवत. परभणीला जायचं तर एसटीत चढण्याआधी तो खिशातून पाना काढून चारी बाजूंनी फिरायचा. ड्रायव्हर एकदा खवळला, "काका, गाडी माझी हाय का तुमची?" माणिक म्हणाला, "गाडी तुमची, जीव माझा." मागचा एक नट खरंच ढिला निघाला. ड्रायव्हरनं मुकाट्यानं त्याला पुढची सीट दिली. माझ्या नातीचं लग्न पोखर्णीला ठरलं, तेव्हा याचा सल्ला काय? "स्थळ चांगलं हाय. पन आधी नट बघून घ्या." मी म्हटलं, जावयाला नट कुठं असतो? म्हणाला, "असतोय. कुठं हाय ते लग्नाआधी हुडकायचं."

त्याच्या उडण्यात एकच विघ्न होतं, लाईट. लाईट गेली की विमान पडायचं. मग हा पट्टा सोडून ओट्यावर यायचा आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगायचा, "पडलो." रामराम म्हणावा तसं. उन्हाळ्यात तर एका दिवशी दोन-दोनदा मरायचा. पारू, म्हणजे त्याची बायको, आतून विचारायची, "आता मेलाच हाव तर दळन आनता का?" जिवंतपणी तो दळणाला जायचा नाही.

आणि त्याची वाटही एकच. जगात इतकी गावं, पण हा दर वेळी आसामातून निघायचा. घड्याळाप्रमाणं सहा तासांचा पल्ला, थट्टा नाही. पारू न्याहारी खुर्चीतच द्यायची आणि विचारायची, "कुठवर आलाव?" त्या खेळात आपल्या भागाचा नकाशा मांडायची सोय होती. माणिकनं दीड वर्ष खपून गोदावरी मांडली, रेल्वेचा पूल मांडला, साखर कारखान्याची चिमणी मांडली. नदीकाठी धावपट्टीही मांडली, जी गंगाखेडला नव्हती आणि व्हायचीही नाही. मी बघितलं. नदी विळ्यासारखी वाकडी आली होती, पण आपली होती.

तिथं त्याला उतरायचं होतं. आणि तेच होत नव्हतं. नागपूर मागं टाकलं की विमान जागच्या जागी थिजायचं आणि पडद्यावर इंग्रजीत एक ओळ यायची. लाईट टिकली तरी दर वेळी नागपूर. "हे काय म्हणतंय?" मी विचारलं. "मेमरी पुरत न्हाई म्हनतंय."

हैदराबादच्या दुकानदाराचं पत्र आलं. त्याच्याकडं दोन वस्तू होत्या, एक नवा प्रोसेसर आणि एक मेमरी. दोन्ही घ्यायची माणिकची ऐपत नव्हती. एकच घ्यायची होती, आणि तिथंच माणिक अडकला. आठ दिवस त्याला अन्न गोड लागेना. टायपिंगवाले मास्तर म्हणाले, प्रोसेसरच घ्या, विमान लोण्यासारखं चालेल. माणिकलाही ते पटायचं, कारण त्याचं विमान नागपूरपर्यंतसुद्धा बैलगाडीसारखं हिसके खात जायचं. सकाळी तो प्रोसेसर ठरवायचा, दुपारी मेमरी, आणि संध्याकाळी ओट्यावर बसून पान्याशी खेळायचा.

नवव्या दिवशी लाइनमन गफारभाई दारात आला. त्याचा मेहुणा त्याच दिवशी हैदराबादला निघाला होता. "चाचा, गाडीचा टाइम झालाय. क्या लाना, बोलो."

माणिक पाना या हातातून त्या हातात करू लागला. मी तिथंच शेंगा निवडत होते. मी म्हटलं, "अरे, त्या दोन्हीत फरक काय, ते मला कळंल असं सांग. मी चौथी पास हाय."

त्यानं इकडंतिकडं बघितलं. चुलीपुढं पारू भाकरी करत होती. "आक्का, प्रोसेसर म्हंजे भाकरी थापनारा हात. मेमरी म्हंजे पीठ मळायची काठवट."

"आणि तुझ्याकडं काठवट केवढी हाय?"

"ल्हान हाय. नागपूरपर्यंतचं पीठ मावतंय. त्याच्या पुढं आपला नकाशा आला की सांडतंय."

"आणि प्रोसेसर आणला तर?"

"हात चपळ हुईल. नागपूरला झटक्यात जाईन."

"आणि तिथंच बसशील?"

 मी शेंगांचं सूप खाली ठेवलं. नागपूर हे नाव मला टोचत होतं, आणि का ते मला माहीत होतं. मी म्हटलं, "माणिक, हात सावकाश असला तर भाकरी उशिरा मिळती, पन मिळती. काठवटच पुरंना, तर कितीबी चपळ बाई आन, पीठ खालीच जानार. तुला मिरवायचंय का पोचायचंय?"

"पोचायचंय," माणिक म्हणाला. गफारभाई सायकलवर टांग टाकतच म्हणाला, "मतलब काठवट लाना."

पाच दिवसांनी काठवट आली. फणीएवढी हिरवी पट्टी. माणिकनं ती बसवली आणि त्याचं तोंड उतरलं. "आक्का, हिला नट न्हाई. नुसती चापावर बसती."

"बसली ना? मग बस तूबी."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्यानं पट्टा आवळला. गफारभाईला आधीच सांगून ठेवलं होतं, आज दुपारपर्यंत आमच्या गल्लीची लाईट सांभाळ. गफारभाई खांबाखाली बाज टाकून बसला. येणारा-जाणारा विचारायचा, काय झालं? तो वर बोट दाखवायचा, "चाचा उपर हैं."

आता नागपूरचं सांगते.

माणिकची आई गेली तेव्हा तो आणि पारू आसामात होते. म्हातारीपाशी मीच होते. तार केली होती. तिकडून रेल्वेनं यायला पाच दिवस लागायचे आणि म्हातारीकडं दोनच होते. ती घडीघडी विचारायची, "माणिक कुठवर आला?" मी तोंडाला येईल ते गाव सांगायचे. मला तरी रेल्वेचं काय माहीत? शेवटी मी म्हटलं, "नागपूरला आलाय." ती म्हणाली, "मग आता आलाच की." त्यानंतर ती बोलली नाही. ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी माणिक पोचला, तेव्हा शेवटी ती काय म्हणाली ते त्यानं विचारलं आणि मी आहे तसं सांगितलं. खोटं मी म्हातारीशी बोलले, त्याच्याशी कशाला बोलू? तो एवढंच म्हणाला, "मी ज्याचे नट आवळत होतो आक्का, त्याला यायला सहा तास लागतेत."

पुढं हा विषय कधी निघाला नाही. कुणी उकरून काढला नाही.

साडेअकराला पारूनं मला हाक मारली, "आक्का, नागपूर आलं." मी जाऊन मागं उभी राहिले. विमान हिसके खात होतं. पडदा थिजला. माणिकनं पट्टा आणखी आवळला. मग तो पडदा हलला. थापणारा हात सावकाश होता, पण पीठ सांडलं नाही. नागपूर मागं गेलं. त्याच्या पुढं बराच वेळ नुसतं हिरवं-पिवळं रान. शेवटी खाली ती वाकडी नदी दिसली, पूल दिसला, चिमणी दिसली. विमान दोन उड्या मारून टेकलं आणि थांबलं.

माणिकनं पट्टा सोडला नाही. हात मांडीवर ठेवून बसून राहिला. नेहमी पडला की ओट्यावर जाऊन गल्लीला सांगणारा माणूस, आज जागचा उठेना. बाहेरून गफारभाई ओरडला, "चाचा, उतरे क्या?" तरी नाही.

मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "आक्का, पोचलो."

मला रडणं-बिडणं जमत नाही. म्हातारी असती तर काय म्हणाली असती, तेवढं मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "दिसलं. लांबून आलास, हातपाय धू. पारू, भाकरी टाक."

त्यानं पट्टा सोडला आणि उठून खरंच पाय धुवायला गेला.