न गिळलेला घोट

आमच्या भवानी पेठेतले व्यंकटमामा रोज संध्याकाळी सहाला व्हिस्कीचा एक घोट तोंडात घेतात, डोळे मिटून बराच वेळ गालात घोळवतात आणि मोरीत थुंकतात. गिळत नाहीत. मी दारूबंदीचं काम करते. पिणाऱ्यांशी भांडायची मला सवय आहे. सात रस्ता चौकात पत्रकं वाटताना रोज कुणीतरी अंगावर येतंच. पण थुंकणाऱ्याशी भांडायचं कसं?

आणि भांडणं भाग होतं. गल्लीच्या तोंडाशी दारूचं दुकान येऊ घातलंय. विरोधाच्या अर्जावर सगळ्या गल्लीच्या सह्या हव्यात. बायका म्हणाल्या, "आधी मामांची आण, मग आमची." मामा टॉवेलच्या कारखान्यात जन्मभर रंगारी होते, अर्ध्या गल्लीला त्यांनीच कामाला लावलेलं.

पहिल्या दिवशी मामांनी माझं पत्रक दोनदा वाचलं.

"दारू विष हाय, लिवलंस. कसलं विष? कडू? तुरट? मागनं गोड येतंय का?"

"मामा, विष म्हणजे विष!"

"न्हाय की. लई घाई तुझ्यात. जिभेवर बसू दे आधी."

हे त्यांचं पालुपद. चहावाल्याला, भाजीवालीला, देवळात प्रसाद देणाऱ्या पुजाऱ्यालासुद्धा हेच. सही राहिली बाजूला.

दुसऱ्या दिवशी परत गेले. भाच्यानं परदेशातून आणलेल्या अंगठ्याएवढ्या बाटल्या दाराबाहेरच्या ओट्यावर मांडलेल्या. "हितं आधी ओलं पोतं येतंय," मामा म्हणाले. "मग करपलेला गूळ. शेवटाला बघ, नव्या चपलेचं कातडं." मग बाटलीतल्या दारूच्या रंगाचा सुताचा तुकडा पुठ्ठ्याला बांधला आणि शेजारी पेन्सिलीनं चव लिहिली. कारखान्यात रंगाचा प्रत्येक घाणा उतरला की असाच नमुना बांधायचे म्हणे. मी तासभर अर्ज हातात धरून उभी! समाज बुडतोय आणि हा माणूस चपलेची चव लिहितोय!

तिसऱ्या दिवशी माझा तोल गेला. "मामा, घरात मामी अंथरुणाला खिळल्यात आणि तुम्ही ओट्यावर दारूचं कौतुक करता. लाज नाही वाटत?"

मामांनी घोट थुंकला, चूळ भरली. "आत ये."

मामी भिंतीला टेकून बसल्या होत्या. पुढ्यात न शिवलेलं ताट. मागच्या तापात त्यांना वास यायचा बंद झाला, चव गेली, ती परत आलीच नाही. काहीही खाल्लं तरी माती लागते म्हणून ताट सारतात, हे मला त्या दिवशी कळलं. गल्लीला फक्त मामी वाळलेल्या दिसत होत्या.

मामांनी भाकरीला शेंगाचटणी लावली आणि आधी स्वतः खाल्ली. डोळे मिटले.

"आज शेंगा जरा जास्तच भाजल्यात. आधी लसूण येतोय, दांडगा. मग तेल सुटतंय. तिखट लई मागनं, उशिरा आलेल्या पाहुण्यावानी, चपला काढत काढत."

मामी हसल्या. घास घेतला.

भिंतीवर दुसरा पुठ्ठा होता. चटणीच्या लाल सुताचा, आमटीच्या पिवळ्याचा, ताकाच्या पांढऱ्याचा.

"भाच्यानं दारूच्या डब्यावर लिवलेली चव वाचून दाखवली," मामा म्हणाले. "केवढं लिवलं होतं गं! म्हणलं, हे शिकावं. हिच्या हातचं जन्मभर खाल्लं आणि बोललो काय? 'बरं झालंय.'"

मग माझ्या हातातला अर्ज ओढून त्यांनी ठसठशीत सही केली. "दुकान नकोच. थुंकणारा मी एकटाच हाय."

मी उठणार, तेवढ्यात मामींनी ताट माझ्याकडे सरकवलं. "आज तू सांग की. ह्यांचं रोजचंच हाय."

मी घास घेतला. "तिखट," म्हणाले. एवढी पत्रकं लिहिली, आणि सुचलं ते एवढंच. मामींचा घास धरलेला हात तोंडाशी जाता जाता थांबला.

मी अर्ज खाली ठेवला. आणखी एक घास घेतला, डोळे मिटले, आणि जिभेवर बसू दिला.